पान्याचा पिवळा दिवा



गेल्या पावसाळ्यांतील एका रविवारची गोष्ट. पुण्याहून आम्ही घरचीं पांच माणसें मोटारीनें लोणावळ्यास निघालों होतों. घाई नव्हती म्हणून जुन्या हमरस्त्यानेंच चाललों होतों. वडगांव मागें पडलें, कामशेत ओलांडलें, डाव्या हाताला लोहगड ढगांतून अर्धामुर्धा दिसूं लागला, इतक्यांत पुढच्या आसनावर बसलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, हा पिवळा पाना कसला लागला?" पाहतों तों डॅशबोर्डवर, वेगाच्या कांट्याखालीं, पान्याच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा तेवत होता. मागच्या आसनावर लागलीच चर्चा सुरू झाली. गाडी तापली असेल काय? घाटांत बंद पडली तर? येथूनच परतावें हें बरें नव्हे काय? अखेर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, चार दिवसांपूर्वींच ना गाडी सर्व्हिसिंग करून आणलीत? मग हें काय?"

प्रश्न रास्त होता. कार्ल्याच्या फाट्यावर एका चहाच्या दुकानापुढें गाडी उभी केली. उष्णतेचा कांटा आपल्या जागीं होता. इंजिन थोडें निवूं दिलें व तेल मोजण्याची सळई काढून पाहिली. तेल पुरेसें होतें आणि नव्या तेलाचा तो मधासारखा रंग अजून त्यावर होता. म्हणजे काम झालें होतें. फक्त काम झाल्याची वर्दी त्या दिव्याला कोणी दिली नव्हती. मीं किल्ली बंद केली, ट्रिप मीटरची कळ दाबून धरली, ती तशीच धरून किल्ली पुन्हां फिरविली आणि मनांत दहा अंक मोजले. दिवा विझला. चहा येण्यापूर्वींच हा सारा प्रकार आटोपला.

परंतु भाच्याचें समाधान झालें नाहीं. तो म्हणाला, "मामा, दिवा असा नुसती कळ दाबून विझत असेल, तर मग सर्व्हिसिंगचे पैसे द्यायचे कशाला?" सर्वजण हंसलीं, मीही हंसलों. मात्र हा प्रश्न एके काळीं मीही स्वतःला विचारला होता, आणि त्याचें जें उत्तर मीं तेव्हां दिलें तें मला चांगलेंच भोंवलें. तेव्हां आजचें भाषण हें त्या भाच्याच्या प्रश्नाचें उत्तर आहे, असें समजावें.

मोटारींतील दिव्यांची एक वर्णव्यवस्था आहे, आणि ती बहुतेक साऱ्या जगांत एकच आहे. तांबडा दिवा म्हणजे संकट. पिवळा म्हणजे सावधगिरीची सूचना. हिरवा व निळा म्हणजे अमुक एक यंत्र चालूं आहे इतकीच माहिती. तेलाच्या झारीचें चित्र असलेला तांबडा दिवा लागला, तर इंजिनांतील तेलाचा दाब उतरला आहे असें समजून जागा पाहून ताबडतोब थांबावें व इंजिन बंद करावें. तेथें एखादा मैल पुढें जाऊं म्हणणें हें इंजिनाच्या जिवावरचें आहे. वर्तुळांत उद्गारचिन्ह असलेला तांबडा दिवा हातब्रेक सोडल्यावरही राहिला, तर ब्रेकच्या तेलाची पातळी खालीं गेलेली असण्याचा संभव असतो. हे दिवे इंजिनाच्या व ब्रेकच्या अंगाशीं तारेनें जोडलेले असतात. तेथें कांहीं बिघडलें म्हणजे ते लागतात, आणि तें दुरुस्त झाल्याशिवाय ते विझूं नयेत हेंच इष्ट.

पान्याचा पिवळा दिवा त्या जातीचा नाहीं. सामान्य गाड्यांत त्याचा संबंध फक्त किलोमीटर मोजणाऱ्या यंत्राशीं, फार तर दिनदर्शिकेशीं असतो. कारखान्यानें सांगितलेलें असतें कीं दर १०,००० किलोमीटरांनीं किंवा दर बारा महिन्यांनीं, जें आधीं होईल त्या वेळीं, गाडीची तपासणी करावी. कित्येक गाड्यांत हा आंकडा निराळाही असतो. तो आंकडा भरत आला कीं दिवा लागतो. तेल काळें पडलें आहे कीं स्वच्छ आहे, ब्रेकचे पॅड झिजले आहेत कीं नवे आहेत, याची त्याला गंधवार्ता नसते. वाण्याच्या दुकानांत उधारीची तारीख लिहून ठेवतात तसा तो एक टांचण आहे.

हें टांचण मोटारींत आलें तें फार जुनें नाहीं. आमच्या वडिलांच्या पिढींत मिस्त्री बॉनेटच्या आंत एक कागद चिकटवून त्यावर पुढच्या तेलाचा आंकडा लिहीत असे, आणि धुण्याच्या पाण्यानें तो कागद दोन महिन्यांत पुसून जात असे. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जर्मनींतील बीएमडब्ल्यू कंपनीनें आपल्या गाड्यांत हिरव्या, पिवळ्या व तांबड्या दिव्यांची एक ओळ बसविली. सर्व्हिसिंग जवळ येई तसतसे हिरवे दिवे कमी होत, मग पिवळा लागे आणि वेळ टळून गेल्यावर तांबडा. मौज अशी कीं, काम झाल्यावर ही ओळ पूर्ववत् करण्यास एक खास उपकरण लागे, व तें गाडीच्या मालकापाशीं सहसा नसे. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत जनरल मोटर्सनें आणखी एक पाऊल टाकलें. इंजिनाचे फेरे किती झाले व तें किती तापलें याचा हिशेब ठेवून तेलाचें उरलेलें आयुष्य शेंकड्यांत सांगणारी योजना तिनें काढली. तीही तेलाचा थेंब चाखून पाहत नाहीं, अनुमानच करते. पण नुसत्या किलोमीटरांपेक्षां तें अनुमान पुष्कळ शहाणें आहे. याच जनरल मोटर्सचा एक कारखाना २००८ सालीं आपल्या मावळांत, तळेगांवीं, उभा राहिला. २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबलें आणि पुढें ती जागा ह्युंदाई कंपनीकडे गेली. असो.

आतां दिवा विझविण्याची कृति. ती प्रत्येक गाडीची निराळी असते, म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका प्रथम पाहावी. (ही पुस्तिका बहुतेक घरांत वेष्टनासकट पडलेली असते, हा माझा अनुभव आहे.) तथापि ढोबळ मानानें तीन तऱ्हा दिसतात. पहिली तऱ्हा मीं कार्ल्याच्या फाट्यावर केली ती. जुन्या जपानी बनावटीच्या पुष्कळ गाड्यांत ती चालते. त्यांत आधीं डॅशबोर्डवर ट्रिप मीटर ए दिसेल असें करावें लागतें, मग किल्ली बंद करून, कळ दाबून धरून, इंजिन सुरू न करतां फक्त वीज चालूं होईपर्यंत किल्ली फिरवावयाची, आणि पडद्यावर शून्यें किंवा रेघा उमटून दिवा जाईपर्यंत कळ सोडावयाची नाहीं. ज्यांच्या गाडीस किल्लीऐवजीं बटण आहे, त्यांनीं ब्रेकवर पाय न ठेवतां तें बटण बहुधा दोनदां दाबावें. म्हणजे इंजिन न लागतां वीज येते. दुसरी तऱ्हा नव्या गाड्यांची. सुकाणूवरील कळांनीं पडद्यावरील यादी उघडावयाची, तींत सेटिंग्ज, त्यांत सर्व्हिस किंवा मेंटेनन्स, आणि तेथें रिसेट. गाडी खरोखर शून्यावर जाऊं का, असें विचारते, होय म्हणावें. तिसऱ्या तऱ्हेंत मालकाचा हात चालत नाहीं. सुकाणूखालच्या खांचेंत मिस्त्री आपलें परीक्षक यंत्र लावतो व त्यावरून गणना शून्यावर आणतो.

तिन्ही तऱ्हांत गाडी सपाट जागीं उभी व हातब्रेक ओढलेला असावा. काम झाल्यावर किल्ली एकदां पूर्ण बंद करून पुन्हां चालूं करावी. प्रथम सगळे दिवे एकदम लागतील. ती त्यांची हजेरी आहे, भिऊं नये. कांहीं क्षणांत पान्याचा दिवा इतरांबरोबर गेला म्हणजे कार्य झालें. तो टिकून राहिला, तर एक तर कळ लवकर सुटली, किंवा त्या गाडींत त्या चित्राचा अर्थ निराळा आहे. कांहीं कंपन्या तोच पाना यंत्रांतील खऱ्या बिघाडासाठींही वापरतात, तेव्हां पुस्तिकेंतील चित्रांचें पान पाहण्याचा आळस करूं नये. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा तर अगदींच वेगळा. तो तपासणीवांचून कोणाकडूनही विझवून घेऊं नये.

कृति एवढीच. आतां भाच्याच्या प्रश्नाकडे वळूं.

हा दिवा किलोमीटर मोजतो, पण आमच्या मावळांत किलोमीटर हें माप फसवें आहे. ताशीं ५० किलोमीटरांच्या सरासरीनें १०,००० किलोमीटर जावयास इंजिनाला २०० तास चालावें लागतें. तेंच अंतर ताशीं २० च्या सरासरीनें कापलें तर ५०० तास. दिव्याच्या हिशेबीं दोन्ही सारखींच. आषाढांतल्या रविवारीं भुशी धरणाच्या वाटेवर ज्यांनीं मोटारींच्या रांगेंत दुपार घालविली आहे, त्यांस हा फरक निराळा सांगावयास नको. कांटा हलत नाहीं, इंजिन मात्र तास दोन तास चालत राहतें, तेल शिजत राहतें. याच लोणावळ्यांत, समुद्रापासून इतक्या दूर डोंगरावर, १९४५ पासून आरमाराच्या इंजिनिअरांना शिक्षण देणारी शिवाजी ही संस्था आहे. जहाजाच्या इंजिनाची निगा तासांच्या हिशेबानें ठेवतात. किती सागर तोडला याच्या हिशेबानें नव्हे. शहरांतील गाडीचीही तीच कथा. घरापासून मंडईपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतें तापतच नाहीं, त्यामुळें आंत जमणारा पाण्याचा अंश उडून जात नाहीं आणि तेल लवकर निकामी होतें. अशा गाडीनें दिव्याची वाट न पाहतां, बारा महिन्यांच्या आंतच तेल बदलणें शहाणपणाचें.

परंतु तेलानें फार तर इंजिन जाईल. खरा जिवाचा प्रश्न उताराचा आहे. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें ६२० मीटर उंच आहे आणि घाटाच्या पायथ्याची खोपोली सत्तरएक मीटरांवर. मधला साडेपांचशे मीटरांचा उतार मोटार थोड्या मिनिटांत उतरते. १,२०० किलो वजनाची गाडी एवढी खालीं येतांना जी ऊर्जा मोकळी होते, तिनें वीस लिटरांचा हंडाभर थंड पाणी उकळीस आणतां येईल. ही सारी उष्णता कोठें तरी जावयास हवी. खालच्या गिअरमध्यें उतरलें तर पुष्कळशी इंजिन शोषून घेतें, थोडी वारा घेतो. वरच्या गिअरमध्यें ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा गृहस्थ मात्र तो हंडा चार चाकांपाशीं तापवीत असतो.

त्या चाकांपर्यंत आपल्या पायाचा दाब नेणारा पदार्थ म्हणजे ब्रेक ऑइल. त्याचा गुण असा कीं तें दाबलें तरी आंकसत नाहीं. म्हणून इकडे पाय दाबला कीं तिकडे पॅड चाकाच्या तबकडीस घट्ट धरतात. दोष असा कीं तें हवेंतील ओलावा हळूहळू पितें. डॉट ३ जातीचें नवें ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या जवळपास पाणी मुरलें कीं हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आंकडे २३० आणि १५५ आहेत. एकदां तें नळींत उकळलें कीं वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली कीं आंकसते. पाय खालीं जातो. चाकाला कांहींच कळत नाहीं. म्हणून साधारणतः दर दोन वर्षांनीं तें बदलावें असें कारखानदार सांगतात. लोणावळ्यासारख्या महामूर पावसाच्या गांवीं राहणाऱ्यांनीं ती मुदत टाळूं नये, असें माझें मत आहे.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. दहाबारा वर्षें झालीं. घरीं मुंबईचे पाहुणे आलेले, दुसऱ्या दिवशीं त्यांना लोणावळें-खंडाळें दाखवून पुढें मुंबईस पोंचवावयाचें ठरलेलें, आणि नेमका त्याच संध्याकाळीं पाना लागला. ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलों. तो म्हणाला, "साहेब, गाडी उद्यां दिवसभर ठेवा, सगळें बघून देतों." मीं म्हटलें, "उद्यां जमणार नाहीं. दिवा तेवढा विझवून दे, पाहुण्यांसमोर बरें दिसत नाहीं." त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, आणि विझवून दिला. पैसेही घेतले नाहींत. पाहुणे सुखरूप पोंचले. परत आल्यावर गाडी देऊं असें ठरविलें होतें. पण आठवण करून देणारा दिवाच मीं मालवून टाकला होता. आठ महिने गेले.

आठ महिन्यांनीं तोच घाट उतरत होतों. पुढें एक मालट्रक, मागें दुसरा, आणि माझा पाय सतत ब्रेकवर. खोपोली खालीं दिसूं लागली तेव्हां पाय एकदम चिखलांत रुतावा तसा खालीं गेला. मीं पुन्हां पुन्हां दाबला, थोडासा जोर आला, गाडी दुसऱ्या गिअरमध्यें टाकली, हातब्रेक हळूहळू ओढला, आणि डाव्या बाजूस एका रुंद जागीं ती कशीबशी थांबली. शेजारीं माझी आई बसली होती. तिला कांहीं कळलेंच नव्हतें. ती म्हणाली, "थांबलास तें बरें केलंस हो, दृश्य छान आहे." तासाभरानें ब्रेक पूर्ववत् लागूं लागला, कारण थंड झाल्यावर वाफेचें पुन्हां पाणी होतें. खोपोलीच्या मिस्त्रीस प्रथम कांहींच दोष सांपडेना. मग त्यानें ब्रेक ऑइलच्या बाटलीचें झांकण उघडून मला आंत पाहावयास लावलें. तें चहाच्या काढ्यासारखें झालें होतें. हिशेब केला, तर चार वर्षें तें बदललेलें नव्हतें.

पान्याच्या दिव्यानें ब्रेक ऑइलचा हिशेब ठेवला नव्हता, हें खरेंच. पण तो लागला त्या वेळीं गाडी एक दिवस मिस्त्रीच्या हातीं गेली असती, तर त्या बाटलीचा रंग त्यानें पाहिला असता. दिवा विझवून मीं तो दिवस हुकविला.

याच घाटांतून आगगाडी उतरते ती कशी उतरते, हें पाहण्यासारखें आहे. १८६३ सालीं सुरू झालेल्या त्या मार्गाचा चढ सदतिसांस एक असा आहे. कर्जतेहून वर येणाऱ्या गाडीस मागून जादा इंजिनें लावतात, हें सर्वांस ठाऊक आहे. उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणीं थांबते, तिकडे मात्र लोकांचें लक्ष नसतें. तेथें प्रवाशांनीं चढावयाउतरावयाचें नसतें. उतारू खिडकींतून पाहून कुरकुर करतात कीं या रानांत गाडी कां खोळंबली. तेथें चालकानें गाडी उभी करून दाखवावयाची असते. ती त्याच्या ताब्यांत आहे असें दिसल्यावर पुढचा मार्ग मिळतो. बेफाम झालेल्या गाडीसाठीं चढाचा एक आडमार्ग बाजूला राखून ठेवलेला असतो. मोटारवाल्यासाठीं असें कोणी करीत नाहीं. त्याला खंडाळ्याच्या माथ्यावर आपणच पाय दाबून पाहावा लागतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी अजून राहिल्या. गाडी सर्व्हिसिंगहून आणतांना दिवा विझला आहे एवढ्यावर पावती चुकती करूं नये. बिलांत इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर, ब्रेक तपासणी या ओळी आहेत कीं नाहींत हें पाहावें, आणि तेलाची सळई स्वतः काढून पाहावी. उलट, काम झालें पण गणना शून्यावर आणली नाहीं, तर आमच्यासारखी फजिती होते. आणि तसा खोटा इशारा दोनचारदां मिळाला कीं माणूस पिवळ्याबरोबर तांबड्या दिव्याकडेही काणाडोळा करूं लागतो, हें अधिक वाईट. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीं तर तिच्यांतील न लागलेल्या पान्यावर मुळींच विश्वास ठेवूं नये. आधींच्या मालकानें तो कधीं व कशासाठीं विझविला हें त्यालाच ठाऊक. पहिल्याच आठवड्यांत तेल व ब्रेक ऑइल बदलून, मग आपल्या हातानें गणना शून्यावर आणावी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना इंजिन ऑइल नसतें, पण ब्रेक ऑइल त्यांनाही असतें, हेंही विसरूं नये.

आमच्या गाडीच्या कप्प्यांत आतां एक छोटी वही असते. तींत तारीख, किलोमीटर आणि काय बदललें तें लिहिलेलें असतें. ब्रेक ऑइलचा स्तंभ वेगळा, तांबड्या शाईचा. दिवा विझविण्याचा मान कार्ल्याच्या त्या दिवसापासून भाच्याकडे आहे. मात्र बिलाच्या ओळी वहीशीं ताडून मोठ्यानें वाचल्याशिवाय त्यानें कळेस हात लावावयाचा नाहीं, असा ठराव आहे. गेल्या खेपेस तांबड्या शाईच्या स्तंभांत दोन वर्षें पुरीं झालीं होतीं आणि बिलांत ती ओळ नव्हती. कळेवरचें बोट त्यानें काढून घेतलें आणि म्हणाला, "मामा, गाडी वळवा. परत जाऊं या."